पडवीतला पावसाळा: लहान मुलांबरोबर घरात काय काय करता येतं

बदली होऊन कोकणात आला असाल, किंवा मुंबईचं बिऱ्हाड मोडून गावच्या घरी राहायला आला असाल, आणि घरात तीन ते आठ वर्षांचं पोर असेल, तर मे महिन्यावर विश्वास ठेवू नका. मे महिन्यात पोरं दिवसभर बाहेरच असतात, आंबे-फणस-करवंदांच्या मागे. खरी कसोटी मृग लागला की सुरू होते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वारा सुटला की वीज जाते, विजेमागून मोबाइलची रेंज जाते, अतिवृष्टीचा इशारा आला की शाळेला सुट्टी. समुद्र तर विसराच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटीसुद्धा मासेमारीबंदीमुळे किनाऱ्याला लागलेल्या असतात. उरतं काय, तर घर, पडवी आणि "आता काय करू?" म्हणत मागेमागे फिरणारं पोर.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मुलांना रमवायला म्हणून रोज वेगळं काही उभं करायला गेलात तर आठवड्यात दमाल. त्यापेक्षा घरात जे काम चाललंच आहे, त्यातला एक खरा तुकडा त्यांच्या हातात द्या. खरा म्हणजे, तो तुकडा झाला नाही तर काम अडेल असा. लुटुपुटूचं काम पोरांना दोन मिनिटांत ओळखू येतं. आणि सामान? ते कोकणातल्या घराभोवती इतकं पडलेलं असतं की दुकानातून आणण्यासारखं फार थोडं उरतं.

पहिली पायरी: जागा

पडवीचा एक कोपरा पोरांच्या नावाने करून टाका. पाऊस कुठल्या बाजूने आत झोडपतो ते पहिल्या दोन-चार सरींतच कळतं, त्याच्या उलट बाजूचा कोपरा घ्या. पडवी नसेल, फ्लॅटमध्ये राहत असाल, तर स्वयंपाकघराच्या दाराजवळची जागा बरी. तुम्ही कांदा चिरताय आणि पोर समोर दिसतंय, एवढं पुरे. खाली जुनी ताडपत्री किंवा गोणपाट अंथरा. पोरांच्या कपड्यांचा एक जोड "मातीतला" म्हणून बाजूला काढा आणि तो खराब झाला म्हणून पुन्हा कधी ओरडू नका.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. पावसात विंचू-सापही कोरडी जागा शोधत पडवीत येतात. लाकडांची रास, सोडणांचा (नारळाच्या सालांचा) ढीग, कोपऱ्यातली गोणपाटं इथे पोरांनी आपणहून हात घालायचा नाही, आणि अंथरण्याआधी गोणपाट मोठ्या माणसाने झटकायचं. दुसरी विहीर. कठडा बुटका असेल तर पावसाळ्याआधीच वर जाळी बसवून घ्या, कारण जुलैत पाणी हाताला लागेल इतकं वर येतं आणि पोरांना त्याचंच आकर्षण असतं.

दुसरी पायरी: सामान गोळा करणं

हे काम पोरांबरोबरच करा, तोच पहिल्या आठवड्याचा उद्योग. करवंट्या. झावळीच्या पातींतून काढलेले हीर, म्हणजे पातीच्या मधल्या काड्या. सुपारीच्या झाडाची गळून पडलेली विरी, म्हणजे पानाच्या बुडाचं रुंद आवरण. चिंचोके, सागरगोटे, वाळलेल्या सुपाऱ्या. बंदीआधी घरात तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) झाल्या असतील तर त्यांच्या शिंपल्या ब्रशने घासून, उकळत्या पाण्यातून काढून, चुलीशेजारी वाळवून ठेवा. नीट वाळल्या नाहीत तर तिसऱ्या दिवशी सगळ्या घराला कळतं. किनाऱ्यावर वेचलेले शंख आणायचे असतील तर आत जिवंत किडा किंवा खेकडा नाही ना ते बघा. प्रवाळाचे तुकडे उचलू नका, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे.

यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं तेव्हा मॉन्टेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडण्यासारखी नव्हती. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी शिकवण्याचं सामान केलं. बोर्डी म्हणजे उत्तर कोकणातला किनाराच. तेव्हा शिंपल्या मोजणारं, लहान-मोठ्या लावणारं, जोड्या जुळवणारं पोर "नुसतं खेळतंय" असं समजू नका.

काय गोळा करायचं नाही, तेही पोरांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. लाल-काळी गुंज दिसायला फार गोड, पण चावली गेली तर जिवावर बेतते. पिवळ्या कण्हेरीची बिट्टी आणि एरंडाची बी, तेही तसंच. आपल्या आधीच्या पिढ्या बिट्ट्यांनी खेळल्या हे खरं, पण तीन वर्षांचं पोर प्रत्येक गोष्ट तोंडात घालून बघतं. कच्च्या काजूबीच्या सालीतला चीक हाताला लागला तर कातडी भाजल्यासारखी होते. अळूची पानं चिरायला देऊ नका, हात खाजतात. आणि चिंचोके-सुपाऱ्यांसारखं बारीक सामान तीन वर्षांखालच्या भावंडाच्या हाती लागणार नाही इतक्या उंचीवर.

डिंकाची बाटली विकत घ्यायची गरज नाही. भाताची चार शितं बोटाने चेचून लावली की कागद चिकटतो. जास्त हवं असेल तर पेज घट्ट आटवून घ्या. ही खळ इथल्या हवेत दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून रोज ताजी. कागद मात्र जपावे लागतात. उघड्यावर ठेवलेला कार्डशीट दोन दिवसांत पापडासारखा सादळतो. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या आणि कागद, खडू, काडेपेटी सगळं त्यात.

विकतचं एखादं खेळणं घ्यायचंच असेल तर सावंतवाडीला चितार आळीत जाऊन लाकडी फळं-भाज्यांची टोपली घ्या.

तिसरी पायरी: माती

तीन वर्षांच्या पोराला पहिल्यांदा काय द्यावं असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून माती सांगेन. शहरातून आलेल्या आयांना याची धास्ती असते. आमच्या शेजारच्या काकी अशा वेळी एवढंच म्हणतात, "मातयेत खेळान कोण मरना नाय गो, हात तेवढे धू त्याचे."

इंटरनेटवर मिठाच्या पिठाची कृती जागोजागी मिळते: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी. कोरड्या हवेत ती छान वाळते. इथे जुलैत मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं आणि वाळलेला म्हणून फळीवर ठेवलेला हत्ती पुन्हा मऊ पडून घाम गाळायला लागतो. कोकणात शाडूच बरी. ती मिळते गणपतीच्या शाळेत. नवीन माणसाला हा शब्द चकवतो. ही शाळा म्हणजे मूर्ती घडवायची जागा. आषाढ-श्रावणात गावोगावच्या शाळांत काम जोरात चाललेलं असतं. सिंधुदुर्गात घरचा पाट आधी तिथे नेऊन देतात आणि त्याच पाटावर मूर्ती घडते. पाट द्यायला जाल तेव्हा पोराला बरोबर न्या. तासभर ते एका जागी उभं राहून बघेल. मागितली तर मूठभर माती कुणी नाही म्हणत नाही. जास्त हवी असेल तर अर्थातच विकत घ्या, आणि त्यांच्या कामाच्या ऐन घाईत नको.

शाडूची पूड असेल तर रात्री भिजत घाला. सकाळी वरचं पाणी ओतून द्या आणि पिंजलेला कापूस थोडाथोडा टाकत कणकेसारखी मळा. कापसाने तडे कमी जातात. मळण्याचं काम पोरालाच द्या. अर्धा तास त्यातच जातो आणि तोवर तुमचा चहा होतो.

पहिली वस्तू उंदीर. गणपती करायची घाई नको, सोंडेपाशी रडारड होते. लिंबाएवढा गोळा तळहातावर फिरवायचा, एका बाजूला बोटांनी ओढून निमुळतं तोंड काढायचं, वर दोन चिमट्या घेतल्या की कान. मिशांना हिराचे तुकडे, डोळ्यांना मिऱ्याचे दाणे. शेपूट वेगळी वळून चिकटवायची, आणि ती गळून पडते. तेव्हा ओल्या मातीचा पातळ लगदा बोटाने सांध्यावर कसा भरायचा ते एकदा करून दाखवा. पोरं पाण्यात बोट बुडवून बुडवून सगळं गुळगुळीत करत बसतात. पाणी जास्त झालं की वाळताना भेगा पडतात, एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. तुमच्या हाताने उंदीर "नीट" करून दिलात की तो तुमचा झाला.

वाळवायचं सावलीत, वर्तमानपत्रावर, रोज बाजू बदलून. पावसात आठवडा सहज लागतो. चुलीजवळ नेऊन घाईने वाळवलं तर तडकतं.

चौथी पायरी: रंग

मातीचा उंदीर वाळेपर्यंत स्वयंपाकघरातले रंग काढा. पाच वर्षांच्या पुढच्या पोरांना हा भाग जादूसारखा वाटतो, आणि मोठ्यांनाही.

चमचाभर हळद अर्धी वाटी गरम पाण्यात कालवा, गार झाल्यावर ती कागदावर फासा आणि कागद पंख्याखाली वाळवा. आता दुसऱ्या वाटीत पाण्यात खायचा सोडा विरघळवा आणि हिराच्या टोकाने त्या पिवळ्या कागदावर चित्र काढायला सांगा. जिथे सोड्याचं पाणी लागेल तिथे तांबूस रेघ उमटते. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की रेघ पुन्हा पिवळी. आमटीचा डाग पडलेल्या गणवेशाला साबण लावल्यावर तो लाल का होतो, याचं उत्तर पोराला इथे आपसूक मिळतं. चुन्याने रंग आणखी गडद येतो, हळदीचं कुंकू तसंच करतात, पण चुना डोळ्यात गेला तर वाईट, म्हणून तो मोठ्यांच्या हातात.

कुंपणावर गोकर्ण फुलली असेल तर दहा-बारा निळी फुलं गरम पाण्यात टाका. निळं पाणी तीन वाट्यांत वाटून घ्या: एकीत लिंबू पिळा, ती जांभळी होते, एकीत चिमूटभर सोडा, ती हिरवट, तिसरी तशीच निळी. एका फुलाचे तीन रंग. आमसुलं भिजवून तांबडं पाणी मिळतं, त्यातही सोडा घालून बघा. काय होईल ते आधी पोरांकडून वदवून घ्या आणि मग घाला.

दगडमातीचेही रंग आहेत. चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तुकडा ओल्या पाट्यावर घासला की तांबूस नारिंगी रंग सुटतो. चुलीतला कोळसा काळा, तांदळाचं पीठ पांढरं. यात थोडी पेज मिसळली की रंग कागदाला धरतो. खोक्याच्या पुठ्ठ्यावर तांबडी माती सारवून, वाळल्यावर तांदळाच्या पिठाने चित्र काढायचं, हे वारल्यांकडून घ्यावं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचं धड होतं, वर गोल डोकं, काड्यांचे हातपाय. "मला चित्र येत नाही" म्हणणारे बाबासुद्धा हे काढू शकतात, आणि त्यांनी काढावं.

झावळ पडली की

वाऱ्यात हिरवी झावळ पडली तर तो दिवस साजरा करायचा. पाऊस-वारा थांबल्यावर मोठ्या माणसाने ती ओढून पडवीत आणावी. माडाखाली पोरांना बसवू नये, झावळ पडली तसा नारळही पडतो. पात हिरापासून सोडवली की लांब हिरवी पट्टी मिळते. तिची पिपाणी अशी करायची: पट्टीच्या एका टोकाची अरुंद नळी वळायची आणि तिच्यावरच तिरकी गुंडाळत जायचं, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर. शेवटी रुंद तोंडाचा शंकू होतो. सुटू नये म्हणून हिराचा तुकडा टोचायचा. अरुंद तोंड बोटांनी किंचित चपटं करायचं आणि फुंकायचं. पहिल्यांदा नुसती हवा जाते. तोंड आणखी थोडं दाबायचं, वाटलं तर आत पातीचे दोन बारीक तुकडे एकमेकांवर ठेवायचे. एकदा वाजली की मग दिवसभर वाजते, त्याला माझा इलाज नाही.

विरी मिळाली तर एका पोराने वर बसायचं आणि दुसऱ्याने देठाला धरून पडवीभर ओढायचं. याला कृती लागत नाही.

पाचवी पायरी: स्वयंपाकघर

खऱ्या कामाचा सगळ्यात चांगला तुकडा इथे मिळतो, आणि श्रावणात तर हळदीच्या पानात उकडायच्या पातोळ्या आहेतच. परसात हळदीची पानं तरारलेली असतात. नसतील तर शेजारी मागा, कोकणात ओळख वाढवायला याहून चांगलं निमित्त नाही.

सारण आधी तुम्ही करून गार करून ठेवा: दोन वाट्या खवलेलं ओलं खोबरं, एक वाटी चिरलेला गूळ, वेलची, किंचित मीठ. तांदळाचं पीठ वाटीभर, मीठ, आणि पाणी थोडंथोडं घालत पीठ इतकं घट्ट ठेवा की बोटाने पसरतं पण ओघळत नाही. पानं पोरांनी धुवायची आणि पुसायची. मग एकेक पान समोर ठेवून, बोटांनी पीठ पातळ फासायचं. इथे तीन वर्षांचं पोर आणि आजी एकाच पातळीवर असतात. पानाच्या अर्ध्या भागावर सारण, पान लांबीत दुमडायचं, कडा हलक्या दाबायच्या. मोदकपात्रात बारा ते पंधरा मिनिटं. वाफेशी पोरांचं काम नाही, पण वास सुटला की ती आपण होऊन चुलीशी येतात, तेव्हा हात धरून मागे ठेवा.

कोमट झाल्यावर पान सोलायचं काम पुन्हा त्यांचं. पान निघतं तसतशी पांढऱ्या पातोळीवर पानाची शीर न् शीर उमटलेली दिसते. मधली जाड, तिच्यातून दोन्ही बाजूंना तिरक्या निघालेल्या बारीक, सगळ्या एकीला एक लागून. मोठ्या पोराला ती रेघ बोटाने गिरवू द्या, मग खाऊ द्या. ज्या पातोळीचं पीठ जाड झालं आहे ती कुणाची, यावर भांडण होतं. ती बाबांच्या ताटात वाढावी.

सहावी पायरी: वीज गेल्यावर

रात्री वीज गेली की रडू, डास आणि "मोबाइल दे" एकदमच सुरू होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सूचनांप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला तासाभराहून जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये. नियम सांगून पोर ऐकत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मोबाइल द्याच, फक्त त्याची बॅटरी लावून.

पांढरा पंचा किंवा चादर दोन खुर्च्यांमध्ये ताणून बांधा. मागे डब्यावर मोबाइल, दिवा पडद्याकडे. मेणबत्ती किंवा कंदील नको. ज्योत हलते, सावली थरथरते, आणि चादर पेटायची भीती. दिवसा कापून ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या आकृत्या हिरावर चिकटवून तयार असू द्या. आकृती पडद्याला टेकवली की कडा रेखीव दिसते, दिव्याकडे मागे नेली की मोठी आणि पुसट होत जाते. राक्षस मोठा कसा करायचा हे पोरं स्वतःच शोधून काढतात. सुरुवात संकासुरापासून करा. शिमग्यात गुहागर-चिपळूणकडे येतो तो, उंच टोकदार टोपी आणि लांब दाढीचा. नुसत्या सावलीवरून ओळखू येतो आणि थोडी भीतीही वाटते, तेवढी हवीच. गोष्ट पोरांनाच रचू द्या. ती कुठेच जात नाही, मध्येच एक मासा येऊन सगळ्यांना खातो आणि संपते. चालतं.

पुढे रस वाटला तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन या. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ सालची पद्मश्री याच कामासाठी मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. आपल्या पुठ्ठ्याच्या संकासुरावर हात बसलेलं पोर तिथे ज्या नजरेने बघतं, त्या नजरेने आधी नेलेलं पोर बघत नाही.

सहा-सात वर्षांच्या पोरांना गंजिफाही आवडतो, निदान त्याचे गोल पत्ते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे १२० पत्ते असतात. तेवढे करायला जाऊ नका. वाटी ठेवून पुठ्ठ्याचे वीस गोल कापा, मासा, कासव, वराह असे दहा अवतार दोन-दोनदा काढा, आणि पालथे मांडून जोड्या शोधायचा खेळ खेळा. मोठी माणसं यात सपाटून हरतात.

काही बारीकसारीक

एका दिवसाला एकच गोष्ट. सकाळी माती, दुपारी रंग, संध्याकाळी पातोळ्या असा बेत कागदावरच शोभतो. तीन वर्षांचं पोर दहा-पंधरा मिनिटं बसतं आणि उठून जातं; ते उठलं की तुम्हीही उठा, पसारा तसाच राहू दे, बहुतेक वेळा ते परत येतं. "कंटाळा आला" म्हणालं तर लगेच धावून जाऊ नका. पागोळ्यांखाली करवंट्या ओळीने लावून कुठली आधी भरते बघत बसणं हा आमच्या वाडीतल्या पोरांनी कंटाळ्यातूनच काढलेला खेळ आहे.

चित्रं भिंतीला चिकटवू नका, ओल येऊन गळतात आणि मागे बुरशी धरते. माजघरात दोरी बांधून चिमट्यांनी लावा. चार दिवसांनी फोटो काढून मुंबईच्या आजोबांना पाठवा. उत्तर येतं की नाही हे पोर दर तासाने विचारेल, तेव्हा आजोबांना आधी फोन करून ठेवा.

गणपतीत सिंधुदुर्गात मूर्तीच्या वर माटवी बांधतात. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीची शिपटी (घोस), तवसं (मोठी काकडी), कवंडळं (रानफळं), तेरडा आणि रानातली फुलंफळं टांगायची असतात. वरची गाठ मोठ्यांनी मारायची, पण खाली उभं राहून आता काय द्यायचं ते ठरवणं, दोरा कापून देणं, कुठली बाजू रिकामी दिसते ते सांगणं ही कामं सहा वर्षांच्या पोराची. त्याने सांगितलेल्या जागीच टांगा, मग ती चौकट जरा एका बाजूला कलली तरी. आणि विसर्जनानंतर पोरांच्या फुटक्या उंदरांची माती फेकू नका. बादलीत पाणी घालून भिजवली की दोन दिवसांत ती पुन्हा मळण्याजोगी होते. वर ओलं फडकं आणि झाकण ठेवलं तर दिवाळीतल्या किल्ल्यापर्यंत पुरते.